जपानमधील ग्राहकसंस्कृती

वस्तूंची गुणवत्ता व विक्रेत्याने द्यावयाची सेवा यांबाबत जपानी समाजात रूढ झालेल्या अपेक्षा आणि त्यांना अनुसरून घडलेले व्यापारी संकेत. निर्दोष माल, नीटनेटके वेष्टन, ठरल्या वेळी घरपोच वाटप आणि विक्रेत्याचे विनयशील वर्तन या गोष्टी तेथे सवलती मानल्या जात नाहीत. त्या किंमतीतच अंतर्भूत आहेत, असे ग्राहक गृहीत धरतो. बक्षिसी देण्याची प्रथा सामान्यतः नसणे हे याच धारणेशी सुसंगत होय. पाहुण्याची गरज त्याने बोलून दाखविण्यापूर्वीच ओळखणे, अशा अर्थाने ‘ओमोतेनाशी’ ही संज्ञा या सेवेस लावतात. या अपेक्षांचे मूळ पुष्कळदा जपानी स्वभावात शोधले जाते. तथापि व्यापारी स्पर्धा, कायदे व ग्राहक चळवळ यांचाही त्यांच्या घडणीत मोठा वाटा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मित्सुई ताकातोशी (१६२२–९४) याने १६७३ मध्ये एदो (सध्याचे टोकिओ) येथे एचिगोया हे कापडाचे दुकान काढले. त्या काळी मोठे व्यापारी धनिकांच्या घरी माल नेऊन उधारीने विकीत आणि भाव गिऱ्हाइकागणिक बदलत असे. एचिगोयाने सर्वांना एकच भाव, रोखीचा व्यवहार आणि हवे तेवढे कापड कापून देण्याची सोय सुरू केली. घासाघीस संपल्याने दुकानाची पत हेच त्याचे भांडवल ठरले. यातूनच पुढे मित्सुकोशी हे विभागीय भांडार उदयास आले (१९०४).

गुणनियंत्रण : दुसऱ्या महायुद्धापूर्वी व त्यानंतरची काही वर्षे जपानी माल म्हणजे स्वस्त व कमअस्सल माल, असा परदेशांत समज होता. औद्योगिक प्रमाणीकरणाचा कायदा १९४९ मध्ये व निर्यात-तपासणीचा कायदा १९५७ मध्ये करण्यात आला. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानमध्ये संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणावर व्याख्याने दिली. त्यांच्या नावाचे पारितोषिक १९५१ पासून देण्यात येऊ लागले. तयार माल तपासून सदोष नग बाजूला काढण्यापेक्षा प्रत्येक प्रक्रियेतच दोष टाळावा, हे या पद्धतीचे सूत्र होय. इशिकावा काओरू यांनी ‘पुढील प्रक्रिया म्हणजे आपला ग्राहक’ हा विचार मांडला. १९६२ पासून कामगारांची गुणनियंत्रण मंडळे स्थापन होऊ लागली.

ग्राहक चळवळ : सदोष काड्यापेट्यांविरुद्ध गृहिणींनी केलेल्या आंदोलनातून १९४८ मध्ये ओकू मुमेओ यांच्या नेतृत्वाखाली ‘शुफुरेन’ ही गृहिणींची संघटना स्थापन झाली, भातवाढी हे तिचे प्रतीक होय. त्याच वर्षी निघालेल्या ‘कुराशी नो तेचो’ या नियतकालिकाने जाहिराती न घेता १९५४ पासून नित्योपयोगी वस्तूंच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. १९५५ मध्ये भुकटीच्या दुधातील आर्सेनिकामुळे शंभराहून अधिक अर्भके दगावली. १९६० मध्ये गोमांसाच्या नावाखाली अन्य मांस डब्यांत भरून विकले जात असल्याचे उघडकीस आले. १९६८ मध्ये पीसीबी या रसायनाने दूषित झालेल्या खाद्यतेलामुळे असंख्य लोकांना विषबाधा झाली. दिशाभूल करणाऱ्या वर्णनांविरुद्ध कायदा (१९६२) व ग्राहकसंरक्षणाचा मूलभूत कायदा (१९६८) हे या काळातील महत्त्वाचे कायदे होत. निर्यातीच्या तुलनेत देशांतर्गत किंमत अधिक असल्याच्या कारणावरून महिला संघटनांनी १९७० मध्ये रंगीत दूरचित्रवाणी संचांवर बहिष्कार पुकारला आणि उत्पादकांना किंमती उतरवाव्या लागल्या. सदोष वस्तूपासून होणाऱ्या हानीबाबत उत्पादकाचे दायित्व ठरविणारा कायदा १९९५ मध्ये अंमलात आला व २००९ मध्ये स्वतंत्र ग्राहक व्यवहार अभिकरण स्थापन झाले. जपानी ग्राहकाची चोखंदळ वृत्ती अशा रीतीने फसवणुकीच्या अनुभवातूनही घडली आहे.

सेवा व तिची किंमत : यामातो या वाहतूक कंपनीने १९७६ मध्ये ‘ताक्क्यूबिन’ ही घरपोच पार्सलसेवा सुरू केली. पुढे वाटपाची वेळ निवडण्याची मुभा आणि ग्राहक घरी नसल्यास विनाशुल्क पुन्हा येण्याची सोय या बाबी सार्वत्रिक झाल्या. रात्रंदिवस उघडी राहणारी छोटी दुकानेही १९७० नंतर पसरली. एकाने दिलेली सोय स्पर्धेमुळे सर्वांना द्यावी लागते व लवकरच ती ग्राहकास हक्क वाटू लागते. तिचा भार मात्र कामगारांवर पडतो. मनुष्यबळ अपुरे पडू लागल्याने यामातोने २०१७ मध्ये दर वाढविले व दुपारची वाटपवेळ रद्द केली. २०२४ पासून मालमोटार-चालकांच्या जादा कामास वर्षाला ९६० तासांची मर्यादा घालण्यात आली.

‘ग्राहक हा देव आहे’ हे वचन गायक मिनामी हारुओ (१९२३–२००१) यांच्यामुळे रूढ झाले. रंगमंचावर गाताना श्रोत्यांना देवस्थानी मानावे, एवढाच त्यांचा आशय होता. परंतु पुढे अरेरावीचे समर्थन करण्यासाठी त्याचा वापर होऊ लागला. ग्राहकांकडून कर्मचाऱ्यांचा होणारा छळ रोखण्यासाठी टोकिओ महानगर शासनाने केलेला नियम एप्रिल २०२५ पासून अंमलात आला. ग्राहकाच्या संरक्षणासाठी कायदे करणाऱ्या या समाजास आता त्याची सेवा करणाऱ्याच्या संरक्षणाचाही विचार करावा लागत आहे.