एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरे

जानेवारीत पुण्या-नाशकाकडे पहाटेचा पारा १०-१२ अंशांवर असतो आणि त्याच दिवशी दुपारी तो ३०च्या आसपास पोचतो. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. निफाडला तर पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो. आपल्याकडची थंडी अशी सकाळी येते आणि दुपारी पळते, म्हणून एकच जाडजूड जॅकेट हा मला चुकीचा पोशाख वाटतो. सकाळी ते बरे वाटते, अकरानंतर अंगावर नको होते, आणि काढले की आत नुसता पातळ शर्ट.

मुळात ऊब असते शरीराची. कपडा ती धरून ठेवतो, तेही धाग्यांत अडकलेल्या स्थिर हवेच्या जोरावर. बनियन, शर्ट आणि वर बिनबाह्यांचा स्वेटर घातला की थरांच्या मधेही हवा अडकते, आणि ऊन चढेल तसा एकेक थर उतरवता येतो. दुचाकीवर मात्र हे गणित बिघडते. स्वेटरच्या टाक्यांतून वारा थेट आत शिरतो आणि साठलेली ऊब घेऊन जातो. शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवणारे लोक हेच ओळखून असतात. स्वेटरवर पातळ विंडचीटर, गळ्याशी मफलर आणि हातमोजे एवढ्याने काम भागते. घामाने भिजलेली सुती बनियन मात्र ऑफिसात पोचताच बदलावी, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेते.

थर घातले की माणूस गबाळा दिसतो, हा आक्षेप ढगळ कपड्यांच्या बाबतीत खरा आहे. अंगाबरोबर बसणारा, व्ही गळ्याचा गडद स्वेटर शर्टावर नीटस दिसतो; साडीवर लांब बाह्यांचा लोकरी ब्लाउज शोभतो आणि पदरही झाकला जात नाही. चार आठवड्यांच्या थंडीसाठी खर्च कशाला, असेही कोणी म्हणेल. पण यातले बहुतेक कपडे घरात असतातच. काळजी घ्यायची ती घरातल्या वृद्धांची. वयाबरोबर थंडीची जाणीव बोथट होते, आणि आपल्या घरांतली फरशी उघड्या तळव्यांतली ऊब झटकन ओढून घेते. पहाटे गोधडीतून उठणाऱ्या आजी-आजोबांच्या उशाशी पायमोजे, कानटोपी आणि शाल रात्रीच काढून ठेवावी. पायमोजे रबरी ठिपक्यांच्या तळव्याचे असावेत, म्हणजे गुळगुळीत फरशीवर पाय घसरणार नाही.