गावाचे दप्तर ही अमानत

रमजानच्या दिवसांत मशिदीतल्या प्रवचनात एक शब्द हमखास कानावर पडतो: अमानत. कुणीतरी विश्वासाने आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू. ती हरवायची नाही, तिच्यात भेसळ करायची नाही, आणि धनी मागायला आला की जशीच्या तशी त्याच्या हाती द्यायची. पैसा आणि दागिना एवढीच अमानत नसते. लोकांनी दिलेले पद ही अमानत असते, आणि कुणा म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली जुनी गोष्टही.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण टोकाला, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या काही गावांत या दोन्ही अमानती एकाच माणसाकडे येतात. तो ग्रामपंचायतीचा सदस्य असतो आणि गावाचा इतिहास गोळा करण्याचा त्याला नाद असतो. इतिहासाची पदवी बहुधा नसते. पगार तर दोन्ही कामांचा नाही.

त्याचा दिवस इतिहासाने सुरू होत नाही, पाण्याने सुरू होतो. तो रोजेदार असेल तर सहरी आटोपून, फजरची नमाज पढून घरी येतो न येतो तोच फोन वाजतो. "दादा, आज टँकर येणार का?" उन्हाळ्यात शहापूरच्या अनेक पाड्यांवर टँकर विहिरीत रिकामा केला जातो आणि हंडे-कळशा घेतलेल्या बाया विहिरीच्या काठावर दाटी करतात. टँकर कुठल्या पाड्यावर आधी जाईल, कुठे रस्ता अरुंद आहे, कुठल्या विहिरीचा तळ फुटला आहे, हे त्याला तोंडपाठ असावे लागते. दिवसभर घशाला कोरड असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पाण्याची व्यवस्था करावी लागते. रोजाचा अर्थ यापेक्षा सोपा करून कुणी सांगणार नाही.

आणि इथेच इतिहास आपोआप समोर येतो. या तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. १९५७ मध्ये वैतरणेवरचा मोडकसागर झाला, पुढे भातसा धरण झाले. मुंबईची तहान भागवणाऱ्या तालुक्याने टँकरची वाट का पाहावी, हा प्रश्न ग्रामसभेत दर उन्हाळ्यात निघतो. उत्तर द्यायचे तर कुठली जमीन पाण्याखाली गेली, कोण कुठे उठून गेले, कुणाला काय कबूल केले होते, हे माहीत हवे. ज्याने ते लिहून ठेवले आहे, त्याच्या बोलण्याला वजन येते. बाकीच्यांचे म्हणणे नुसती तक्रार ठरते.

पंचायतीच्या कचेरीतही तसेच. राज्यातल्या ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा आहे. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला जादा अधिकार मिळाले. सदस्याच्या वाट्याला येतात त्या मासिक बैठका, घरपट्टीच्या तक्रारी, तुंबलेली गटारे, बंद पडलेले पथदिवे आणि दाखल्यासाठी खेटे घालणारी माणसे. मात्र त्याच कचेरीच्या कपाटात नमुना आठची कर आकारणी नोंदवही असते, ग्रामसभांची इतिवृत्ते असतात, जन्म-मृत्यूच्या वह्या असतात. कुणाचे घर कधी कौलारू होते, कधी पक्के झाले, कुठली विहीर सार्वजनिक ठरली, कुठल्या वाटेवरून भांडण झाले आणि ते कसे मिटले, सगळे त्यात आहे. गावाचे आत्मचरित्र गावाने न कळत लिहून ठेवलेले असते.

या वह्यांची खरी किंमत कळते ती जातीच्या दाखल्याच्या वेळी. अनुसूचित जमातीच्या माणसाकडे १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गीयाकडे १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा किंवा जातीचा पुरावा मागितला जातो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी, मुसलमान, साऱ्यांच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मग पणजोबाचे नाव शोधायला शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे लागते, तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते. पान मोडीत असले की घरचे लोक हतबल होतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. हौस म्हणून मोडी शिकलेला सदस्य अशा वेळी एखाद्या मुलीचा कॉलेजचा प्रवेश वाचवतो. वाळवीने खाल्लेल्या एका ओळीपायी एखाद्याचे शिक्षण अडते, हेही तो पाहत असतो.

गावच्या इतिहासाचा दुसरा भाग कपाटात नाही, माणसांत आहे. दुपारी ऊन कलेपर्यंत तो एखाद्या ओटीवर बसतो. शेतांची नावे विचारतो, ओसाड पडलेल्या पाड्यांची नावे विचारतो, म्हशाच्या यात्रेत बैल कितीला मिळायचे ते विचारतो. आजी एक नाव सांगते, शेजारचे चाचा ते खोडून काढतात, आणि त्या वादातून खरे काय ते हळूहळू बाहेर येते. कब्रस्तानातल्या जुन्या दगडावरचे साल, देवळातल्या घंटेवरचे नाव, शिवारात उभा असलेला वीरगळ, हे त्याचे ग्रंथालय. शिलाहारांच्या काळापासून उत्तर कोकणात गधेगाळ नावाचे दानाचे दगड आढळतात. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली दान मोडणाऱ्याला शाप. चंद्र-सूर्य असेतो हे दान राहो, असा त्याचा अर्थ. तीही अमानतच, फक्त दगडावर कोरलेली.

त्याहून जुना हिशेब मुरबाडच्या माथ्यावर आहे. वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत किती गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापण, याचे आकडे त्यात कोरले आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे सांगतात. जकात हा मराठीतला रुळलेला शब्द अरबीतल्या 'जकात'वरूनच आला. रमजानमध्ये मुसलमान आपल्या बचतीतला अडीच टक्के हिस्सा गरिबांसाठी काढतो, ती जकात. सातवाहनांचा रांजण, अरबी शब्द आणि मराठी बोलणारा गाव, सगळे एका वाक्यात बसतात आणि कुणाला खटकत नाही. पंचायतीच्या कचेरीतले दप्तर, तहसील, नक्कल, हद्द, इनाम हे शब्दही अरबी-फारसीतून आलेले आणि अस्सल मराठी झालेले.

अशा गोष्टी माहीत असलेल्या माणसाची गावाला आज जास्त गरज आहे, कारण इतिहास आता मोबाइलवर तयार होऊन येतो आणि तो बहुतेक वेळा भांडण घेऊन येतो. शहापूरजवळचा माहुली किल्ला घ्या. १६३६ मध्ये शहाजीराजे या किल्ल्यावर निजामशाहीच्या बाल वारसाला सांभाळत होते आणि त्यांना वेढा घालणाऱ्यांत दिल्लीच्या मुघलांचा खानजमान होता, तसा विजापूरचा रणदुल्लाखानही. म्हणजे एक मराठा सरदार एका मुसलमान घराण्याचा वारस दुसऱ्या दोन मुसलमान सत्तांपासून वाचवत होता. पुढे शिवाजीमहाराजांनी हा किल्ला घेतला, पुरंदरच्या तहात तो मुघलांकडे गेला, १६७० मध्ये परत आला. गडावर शंकराचे स्थान आहे आणि नमाजगीर म्हणून ओळखली जाणारी जागाही आहे. दोन रंगांत हा इतिहास मावत नाही. शाळेतल्या मुलांना हे शांतपणे सांगणारा कुणी गावातच असला तर फॉरवर्ड केलेल्या मजकुराची धार बोथट होते.

मुरबाडच्या सिद्धगडाची गोष्ट तर सदस्यांनी स्वतःसाठी लक्षात ठेवावी अशी. २ जानेवारी १९४३ रोजी तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आझाद दस्त्याचे धाडस सर्वांना ठाऊक आहे. भाई कोतवाल त्याआधी माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, हे मात्र पटकन आठवत नाही. सावकारी पाशातून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी धान्यपेढ्या चालवल्या, शाळा काढल्या. लोकांनी दिलेले लहानसे पद माणसाला कुठवर नेऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच डोंगरात आहे.

सदस्याची मुदत पाच वर्षांची. आरक्षण बदलते, प्रभाग बदलतो, माणूस घरी बसतो. कचेरीची नवी इमारत होते तेव्हा जुन्या वह्या एका खोलीत कोंबल्या जातात, पाऊस गळतो, वाळवी लागते, कधी रद्दीवालाच नेतो. ओटीवरची आजी तर एकदाच जाते. म्हणून हे काम एकट्याच्या हौसेवर सोडता येणार नाही. जुन्या नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढायला पैसा लागत नाही. इतिवृत्ते कोरड्या कपाटात ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत एका मिनिटात होतो. गावातल्या पाच वृद्धांचे बोलणे त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करायला एक आठवडा पुरतो, आणि शाळेची मुले ते आनंदाने करतील.

इफ्तारला शहापूर-मुरबाडकडे कुणी बोलावले तर खजूर खाऊन, पाणी पिऊन झाल्यावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ थोडे बसावे. हे पाणी पूर्वी कुठल्या विहिरीतून यायचे, ती कुणी खोदली आणि तिच्यावर कोण कोण पाणी भरत असे, एवढे विचारावे. ऐकलेले त्याच रात्री लिहून ठेवावे.