सुटीतले संशोधन

मे महिन्यातील एका सकाळी पदवीच्या वर्गातील एक विद्यार्थी कामशेत स्टेशनवर पुण्याच्या लोकलमध्ये चढला, तर सुटीत तो वही घेऊन कोठे निघाला असेल? कदाचित पाषाणला. तेथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि २००६ साली स्थापन झालेली ‘आयसर’ ही संस्था आहे. किंवा गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’त. देशातील अशा अनेक संस्थांत निवडक विद्यार्थी उन्हाळ्यात सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतात.

तेथे वेगळे काय असते?

वर्गात लंबकाच्या प्रयोगावरून तुम्ही गुरुत्वत्वरण काढता. उत्तर किती यायला हवे हे आधीच ठाऊक असते. संशोधनात मात्र ते उत्तर मार्गदर्शकालाही ठाऊक नसते.

एक उदाहरण घेऊ. कामशेतजवळून इंद्रायणी वाहते. पावसाळ्यात तिचे पाणी गढूळ होते. एका लिटर पाण्यात माती किती? प्रश्न सोपा दिसतो. पाणी गाळावे, गाळ वाळवावा, वजन करावे. पण एका लिटरातील गाळ इतका थोडा असू शकतो की शाळेचा तराजू तो दाखवणार नाही. मग दहा लिटर पाणी घ्यावे लागेल. ते रात्रभर निवत ठेवून वरचे पाणी ओतून दिले, तर अगदी बारीक कण त्याबरोबर निघून जातील. तुरटी फिरवली तर कण लवकर बसतील, पण तुरटीमुळे गाळाचे वजनही वाढेल. ही वाढ किती, हे कसे शोधाल? येथे पुस्तक थांबते आणि संशोधन सुरू होते. सुटीचे दोन महिने पुष्कळदा अशा एकाच अडचणीत जातात आणि ते वाया गेलेले नसतात. हे काम आपल्याला आवडत नाही असे कळले, तरी तेही कळणे मोलाचे आहे.

प्रवेशाशी याचा संबंध काय?

पीएच.डी.साठी आपल्याकडे बहुधा एम.एस्सी.नंतर ‘नेट’, ‘गेट’ यांसारखी परीक्षा आणि मग मुलाखत असते. काही संस्थांत बी.एस्सी.नंतरच एकात्मिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. परदेशातील विद्यापीठांत अर्ज जवळजवळ वर्षभर आधी करावा लागतो. त्यात आपल्याला काय शोधायचे आहे याचे निवेदन आणि बहुधा तीन शिफारसपत्रे लागतात. ‘विद्यार्थी हुशार आहे’ एवढेच लिहिलेल्या पत्राला फारशी किंमत नसते. ‘मोजमाप तीनदा चुकले, चौथ्यांदा त्याने स्वतः कारण शोधले’ असे पत्र बोलके ठरते. ते लिहिण्यासाठी कोणीतरी तुम्हाला काम करताना पाहिलेले असावे लागते.

हे किती खरे आहे, ते कमला सोहोनी यांच्या आयुष्यात दिसते. माहेरच्या त्या भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. केवळ स्त्री म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. पहिला क्रमांकही उपयोगी पडला नाही! कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एका वर्षाच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. त्या वर्षातील त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर तेथे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या, विज्ञानात ही पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक झाल्या.

सुटीतील जागा कशी मिळते?

बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींनी मिळून चालवलेली उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती अनेक वर्षांपासून आहे. ती विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांसाठीही आहे. शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. तीत प्रवासखर्च आणि राहण्या-जेवण्यासाठी रक्कम मिळते, म्हणून घरची परिस्थिती आड येण्याचे कारण नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आणि ‘आयुका’चीही अशी योजना आहे. अर्ज सुटीच्या कितीतरी महिने आधी करावा लागतो आणि नियम बदलत असतात, म्हणून जाहिरातीवर हिवाळ्यापासूनच लक्ष ठेवावे. निवड झाली नाही तर निराश होऊ नका. जवळच्या कॉलेजातील एखाद्या प्राध्यापकांना ‘मी आपल्या प्रयोगशाळेत मदत करू का?’ असे विचारून पाहा.

तुमच्यापैकी बहुतेकांना पदवीचा वर्ग अजून तीन-चार वर्षे दूर आहे. पण वही आजच घालता येईल. या पावसाळ्यात, पूर ओसरल्यावर, शिक्षकांबरोबर जाऊन नदीचे पाणी आणा. रोज एकाच जागचे, एकाच वेळी. तारीख, पाऊस, गाळाचे वजन लिहा. चुकलेले आकडे खोडू नका. शेजारी कारण लिहा. पुढे मुलाखतीत कोणी विचारले, ‘तुम्ही स्वतः काय शोधले?’ तर सांगण्यासारखे काहीतरी तुमच्याजवळ असेल.