अकेडियाचे वाहनमुक्त खडीमार्ग

स्थळ

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ माउंट डेझर्ट नावाचे बेट आहे. अकेडिया राष्ट्रीय उद्यानाचा बहुतांश भाग याच बेटावर पसरलेला आहे. हिमयुगात हिमनद्यांनी येथील ग्रॅनाइटचे डोंगर उत्तर-दक्षिण दिशेने घासले आणि त्यांच्यामधल्या दऱ्या खोल कोरल्या. पुढे त्या दऱ्यांत पाणी साठून लांबट तळी तयार झाली. म्हणूनच येथे अनेक तळ्यांच्या काठाला डोंगराची बाजू लागून आहे. या भूप्रदेशातून सुमारे ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर लांबीचे खडीचे रस्ते फिरतात. मूळचे घोडागाड्यांसाठी बांधलेले हे रस्ते आज पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वार वापरतात. खाजगी मोटारींना तेथे प्रवेश नाही.

ग्रॅव्हेल सायकल

खडी, मुरूम किंवा कच्च्या मातीवर लांब अंतर कापण्यासाठी बनवलेल्या सायकलीला ग्रॅव्हेल सायकल म्हणतात. तिचा सांगाडा आणि वाकडा हँडल शर्यतीच्या सायकलीशी जुळतो. टायर मात्र साधारणतः ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतो. रुंद टायरमध्ये हवेचा दाब कमी ठेवता येतो. असा टायर खड्यावर आपटून उसळण्याऐवजी त्याच्याभोवती दबतो, त्यामुळे पकड वाढते आणि धक्के कमी होतात. अकेडियातील पृष्ठभाग घट्ट दाबलेल्या बारीक खडीचा असल्याने तेथे साधी हायब्रिड सायकलही चालते. शर्यतीच्या सायकलीचा अरुंद टायर मात्र सैल खडीत रुततो आणि वळणावर घसरतो.

रस्त्यांचा उगम

उद्योगपती आणि दानशूर जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर (१८७४–१९६०) यांनी हे रस्ते स्वखर्चाने बांधले. बेटावर आधी मोटारींना बंदी होती; विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती उठली. मोटारी आल्या तरी बेटाच्या अंतर्भागात घोडागाडीने शांतपणे फिरता यावे, हा रॉकफेलर यांचा हेतू होता. बांधकाम १९१३ ते १९४० या काळात चालले आणि एकूण सुमारे ५७ मैलांचे जाळे तयार झाले. त्यातील ४५ मैल आज उद्यानाच्या हद्दीत आहेत. रॉकफेलर यांनी उद्यानातील मोटाररस्त्यांनाही अर्थसाहाय्य केले. दोन्ही प्रकारच्या वाहतुकीला स्वतंत्र वाट मिळावी, हे त्यांच्या योजनेचे सूत्र होते.

पृष्ठभाग आणि निचरा

हे रस्ते सुमारे १६ फूट रुंद असून त्यांत दगडाचे तीन थर आहेत. मोठ्या दगडांचा थर तळाशी भार पेलतो, तर वरची बारीक खडी दाबली गेल्यावर गुळगुळीत होते. रस्त्याचा मध्य कडांपेक्षा सहा ते आठ इंच उंच आहे. पावसाचे पाणी त्यामुळे मध्यावर न साचता दोन्ही बाजूंच्या रुंद चरांत उतरते आणि दगडी मोऱ्यांतून रस्त्याखालून पलीकडे जाते. मेनमध्ये पाऊस आणि बर्फ दोन्ही भरपूर असतात. रस्त्यात मुरलेले पाणी गोठले की फुगते आणि थर उचकटते. अशा हवामानात खडीच्या रस्त्याचे आयुष्य मुख्यतः निचऱ्यावरच ठरते.

चढ आणि वळणे

घोड्याला गाडी ओढत तीव्र चढ चढता येत नाही आणि गाडीला तीव्र वळण घेता येत नाही. म्हणून रस्ते डोंगराच्या समोच्च रेषांना धरून, हळूहळू उंची घेत नेले आहेत. ही आखणी सायकलस्वारालाही तंतोतंत लागू पडते. तीव्र चढावर सैल खडीत मागचे चाक फिरत राहते आणि तीव्र उतारावर ब्रेक लावताच चाक घसरते. शिवाय उतार जितका तीव्र, तितका पाण्याचा वेग अधिक आणि तितकी बारीक खडी अधिक वाहून जाते. सौम्य उतार असा घोडा, सायकल आणि रस्ता या तिघांचेही रक्षण करतो. दरीच्या बाजूला ग्रॅनाइटचे ओबडधोबड चिरे कठड्यासारखे ओळीने मांडलेले आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात.

पूल

मोटाररस्ते आणि खडीमार्ग एकाच बेटावर असल्याने त्यांची गाठ पडणे अटळ होते. अनेक ठिकाणी ती पुलांनी सोडवली आहे. रॉकफेलर यांनी बांधलेल्या १६ दगडी पुलांपैकी कोणतेही दोन सारखे नाहीत. त्यांतील काही ओढ्यांवर आहेत, तर काही दोन प्रकारच्या वाहतुकीला एकमेकींपासून वेगळे ठेवतात. ईगल लेक या तळ्याच्या उत्तर टोकाला मोटाररस्ता पुलावरून जातो आणि खडीमार्ग त्याच्या कमानीखालून निघतो. स्टॅन्ली ब्रुक पुलावर याच्या उलट व्यवस्था आहे: तेथे खडीमार्ग वर आणि मोटाररस्ता खाली आहे. मार्ग अशा ठिकाणी सायकलस्वाराला मोटारींच्या वाटेत न आणता पलीकडे पोचवतो.

प्रमुख फेऱ्या

विच होल पाँडभोवतीची फेरी सर्वांत छोट्या फेऱ्यांपैकी असून नवख्यांना सोयीची आहे. ईगल लेकभोवतीची फेरी सुमारे सहा मैलांची आहे. जॉर्डन पाँड हे सुमारे १५० फूट खोल तळे असून त्याच्या उत्तरेला बबल्स नावाच्या दोन गोलसर टेकड्या उभ्या आहेत. येथील खडीमार्ग पाण्यालगत न जाता पश्चिमेच्या पेनॉब्स्कॉट डोंगराच्या उतारावरून जातो. ज्यांना खरा चढ हवा, त्यांच्यासाठी पेनॉब्स्कॉट आणि ४१८ मीटर उंचीचा सार्जंट या डोंगरांना वळसा घालणारी ११ ते १२ मैलांची फेरी आहे. सर्व फेऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि प्रत्येक फाट्यावर क्रमांकाचा खांब आहे. त्यामुळे नकाशा पाहून अंतर आणि चढ आपल्या कुवतीप्रमाणे निवडता येतात.

नियम आणि मर्यादा

सायकलस्वाराने पादचारी आणि घोडे या दोघांनाही वाट द्यायची असते. वेगमर्यादा ताशी २० मैल आहे. विद्युत सायकलींपैकी केवळ पेडल मारतानाच मोटरचे साहाय्य देणाऱ्या, पहिल्या वर्गातील सायकलींना परवानगी आहे. जॉर्डन पाँडच्या अगदी काठाने जाणारी वाट फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. उद्यानाबाहेर खाजगी जमिनीवरून जाणाऱ्या खडीमार्गांवर सायकलींना मनाई आहे. ईगल लेक आणि जॉर्डन पाँड यांतून वस्तीला पिण्याचे पाणी पुरवले जाते, म्हणून त्यांत पोहता येत नाही. वसंताच्या आरंभी बर्फ वितळून रस्ता मऊ झाला की तो पूर्णपणे बंद ठेवला जातो, कारण ओल्या थरावर उमटलेला चाकाचा चर वाळल्यावर तसाच टिकतो आणि पुढे पाण्याची वाट बनतो.

देखभाल

रॉकफेलर हयात असेपर्यंत त्यांची माणसे चर साफ करीत, पडलेली झाडे हटवीत आणि खडी पसरवीत. १९६० मध्ये त्यांच्या निधनानंतर या कामात खंड पडला. चर बुजले, कडांवर झाडी वाढली आणि पाण्याने वरची खडी धुऊन नेली. अखेर १९९२ ते १९९५ दरम्यान संघराज्य सरकारचा निधी आणि ‘फ्रेंड्स ऑफ अकेडिया’ या संस्थेने उभी केलेली रक्कम यांतून रस्त्यांचा व्यापक जीर्णोद्धार झाला. त्यानंतरच्या देखभालीसाठी कायमस्वरूपी निधीही ठेवण्यात आला.

निष्कर्ष

या जाळ्यातील प्रत्येक गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे. उतार सौम्य असल्याने खडी टिकते, निचरा चांगला असल्याने थर टिकतात, पुलांमुळे वाहतूक वेगळी राहते आणि निधीमुळे हे सारे पुढच्या पिढीपर्यंत पोचते. मोटारींना मनाई करणारी पाटी एका दिवसात लावता येते. परंतु वाहनमुक्त मार्ग खऱ्या अर्थाने वापरात ठेवायचा असेल, तर आखणी, निचरा, सुरक्षित ओलांडणी आणि देखभालीचा पैसा या चार गोष्टींची तरतूद पहिल्या दिवसापासून करावी लागते.