शिखरावरचा डबा

लपाछपी आपण सगळेच लहानपणी खेळलो. अमेरिकेत मोठ्या माणसांनीही तसा एक खेळ काढला. त्यात माणूस लपत नाही, डबा लपवतात. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात.

हा खेळ आकाशातल्या उपग्रहांमुळे निघाला. अमेरिकेच्या लष्कराचे हे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि सारखे वेळेचे इशारे पाठवतात. इशारा पोचायला किती वेळ लागला, त्यावरून हातातले यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. चार उपग्रहांची अंतरे मिळाली, की आपण कुठे उभे आहोत ते आकड्यांत कळते. हल्ली फोनमध्येही ही सोय असते.

पण पूर्वी सामान्य लोकांच्या इशाऱ्यात मुद्दाम चूक ठेवलेली असे. १०० मीटरपर्यंत फरक पडायचा. एवढ्या फरकात डबा काय सापडणार! २ मे २००० रोजी ती चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थांनी रानात एक बादली लपवली आणि जागेचे आकडे लोकांना कळवले. बादलीत वही, पेन्सिल, पुस्तके, गलोल आणि डबाबंद घेवडा होता. तीन दिवसांत ती दोनदा सापडली. खाण्याचा जिन्नस मात्र आता ठेवत नाहीत. वासाने जनावरे येतात आणि डबा फोडतात.

पुढे हे डबे जगभर पसरले. काही तर अशा शिखरांवर आहेत, जिथे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही. तिथे खरी कसोटी लागते. यंत्र सांगते, डबा २०० मीटरवर आहे. पण मध्ये दरी असली तर? यंत्र सरळ रेघ दाखवते, वाट दाखवत नाही. रेघेच्या नादाने गेलेला माणूस कड्यावर अडकतो. म्हणून जाणती मंडळी आधी नकाशा बघतात आणि डबा मिळो न मिळो, ऊन कलायच्या आत उतरायला लागतात.

वर पोचल्यावरही काही पावलांचा फरक राहतोच. मग हातांनी दगड चाचपायचे. दगडाखाली घट्ट झाकणाचा डबा, डब्यात वही. तिच्यात नाव आणि तारीख लिहिली, तरच डबा सापडला असे धरतात. लिहायला शिसपेन्सिल बरी. शाई थंडीत गोठते, ओलीत फुटते. लिहून झाले, की डबा होता तसा दगडाखाली ठेवायचा.

तुम्ही म्हणाल, एवढ्या उंचावरचे नाव वाचणार कोण? पण शिखरावर वही ठेवायची चाल गिर्यारोहकांत या खेळाच्याही आधीची आहे. कोणी डोंगरात हरवले, तर शोधायला निघालेली माणसे ती वही उघडून पाहतात. नाव असले, तर तो इथवर पोचला होता एवढे तरी कळते. मग उतरणीच्या वाटा शोधायच्या. आणि तारीख लिहिलेली नसली, तर तो कालचा की मागल्या वर्षीचा, हेच कळत नाही.