मालकाने तव्यापाशी उभं राहायचं नाही

आरोग्य केंद्राचा माणूस आधी तंदूरकडे बघत नाही, मसाल्यांच्या डब्यांकडेही नाही. तो सरळ हात धुण्याच्या बेसिनपाशी जातो आणि नळ बघतो. नळ बोटांनी पिळून बंद करावा लागत असेल, तर परवाना अडतो. जून २०२१पासून जपानमध्ये नव्या हॉटेलला कोपराने ढकलता येणारा किंवा हात पुढे करताच वाहणारा नळ लागतो. धुतलेल्या बोटांनी तोच नळ पुन्हा धरला, तर मग धुतलं कशाला? टोकियोत हॉटेल टाकायला निघालेला मराठी माणूस व्हिसाच्या धास्तीत असतो. नळाचं त्याच्या गावीही नसतं.

व्हिसाची धास्ती मात्र खोटी नाही. परक्या माणसाला इथे धंदा करायचा, तर त्यासाठीच्या व्हिसाचा अर्ज करतानाच जागा हातात हवी, राहत्या घरातलं टेबल दाखवून भागत नाही. म्हणजे आधी गाळा घ्या, अनामत भरा आणि कागद येईपर्यंत बंद शटरचं भाडं मोजत बसा. धंद्यासाठी कंपनी नोंदवायची, तर तिचा शिक्काही मापातच हवा: एक सेंटिमीटरच्या चौकटीहून मोठा, तीन सेंटिमीटरच्या चौकटीत मावणारा.

खरी मेख पुढेच आहे. हा व्हिसा धंदा चालवण्यासाठी आहे, स्वयंपाकासाठी नाही. हिशेब, खरेदी, माणसं नेमणं हे मालकाचं काम. दिवसभर तव्यापाशी उभं राहणं नव्हे. ज्याच्या हाताला चव आहे म्हणून घरच्यांनी दागिने मोडून पाठवलं, त्यानेच पळी खाली ठेवायची! अडल्या वेळी कांदा चिरला तर गोष्ट वेगळी, पण रोजचा आचारी दुसराच लागतो.

तो आचारी भारतातून आणायचा, तर त्याच्या नावावर दहा वर्षांचा अनुभव हवा, तोही कागदावर. आपल्याकडे पोऱ्या म्हणून भटारखान्यात शिरलेल्याला दाखला कोण देतो? जुना मालक वारलेला, हॉटेलच्या जागी मोबाइलचं दुकान. हात तयार, पण कागद नाही, असे कितीतरी आचारी इथेच गळतात.

ऑक्टोबर २०२५मध्ये मालकाच्या व्हिसाच्या अटी आणखी आवळल्या. आधी ५० लाख येन भांडवलावर काम होई; आता ३ कोटी येन लागतात, म्हणजे दीड कोटी रुपयांच्या वर. शिवाय पूर्णवेळ नोकर आणि कुणाला तरी कामापुरती चांगली जपानी यायला हवी. नुसतं नाव लावून बसलेल्या कागदी कंपन्या रोखायच्या होत्या, हे खरं; पण त्या जाळ्यात वीस खुर्च्यांचं खरंखुरं हॉटेलही सापडतं. ज्यांच्याकडे हा व्हिसा आधीपासून आहे, त्यांना ऑक्टोबर २०२८पर्यंत सवड आहे.

दुपारची गर्दी उसळली की मालक गल्ल्यावरून उठतो, आत डोकावतो, चमचाभर डाळ तळहातावर घेऊन चाटतो. ‘‘मीठ बघ रे,’’ एवढं म्हणतो आणि परत बिलं करायला जातो.