खासी डोंगरांतील मातृवंश व आपल्या बागा

पोफळ व पानवेल रेडीच्या बागाईतदारांस नवीं नाहींत. म्हणूनच मेघालयांतील खासी डोंगरांत जाण्याचा योग आला, तेव्हां परमुलखांतहि आम्हांस घरची आठवण झाली. सुमारें १,३०० मीटर उंचीवरील चेरापुंजी अतिवृष्टीसाठीं प्रसिद्धच आहे. तिच्या दक्षिणेकडील उतारांवर पोफळी, पानवेली, संत्रीं व तेजपात यांच्या बागा असून, पावसांत शेतकरी आपल्या इरल्यासारखें बांबूचें व पानांचें ‘क्नुप’ पाठीवर घेतात. रबरी वडाच्या पारंब्या पोफळीच्या पोखरलेल्या खोडांतून ओढ्यापलीकडे नेऊन तेथील लोक जिवंत साकव तयार करितात. त्यांवरून माणूस चालूं लागण्यास पंधरा ते तीस वर्षें लागतात!

याहून नवल वारशाचें. खासी लोकांत वंश आईवरून चालतो. मुलें आईच्या कुळाचें नांव लावितात. कुळाचें घर व इस्टेट मुख्यत्वें धाकट्या मुलीकडे जाते. तिला ‘का खातदुह’ म्हणतात. वाचकांनीं यास स्त्रीराज्य समजूं नये. ही मिळकत तिला मनास येईल तशी विकतां येत नाहीं; ती कुळाची ठेव मानितात. वृद्ध आईबापांचा सांभाळ, कुळाचे धर्मविधि व अडलेल्या भावंडांस आसरा हें सर्व तिच्या शिरावर असतें. मोठ्या व्यवहारांत मामाचा शब्द चालतो, आणि गांवच्या दरबारांत परंपरेनें पुरुषच बसत आले.

ही चाल जशीच्या तशी आपणांकडे आणावी, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जमीन ज्याच्या हातीं, जबाबदारीहि त्याचीच, हें तत्त्व घेण्यासारखें आहे. आपल्या सातबाऱ्यावर नांवें वाढत जातात, नांवांचे धनी मुंबईस राहतात व बाग ओसाड पडते. आमच्याच घरीं वडिलांमागें बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली. बाग राखशील काय, हें तिला कोणीं विचारलें नाहीं. ती गांवांतच होती, आम्ही नव्हतों. आज त्या पोफळी वाळत आहेत.

हिंदु वारसा कायद्यांत महाराष्ट्रानें १९९४ सालीं व केंद्रानें २००५ सालीं सुधारणा करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला. पूर्वीं रीतसर वांटणी झालेली नसल्यास, २००५ पूर्वीं बाप वारला म्हणून तो हक्क बुडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें.

रेडीची ग्रामदेवता माउलीच आहे. तेव्हां सहीसाठीं कागद पुढें करण्यापूर्वीं लेकीस व बहिणीस एकदां विचारावें, इतकीच आमची विनंति.